डॉल्फिनची फेरी

प्रिय चिमणे,

आई गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात मी बोट पाण्यात घातली, हे तुला शेजारच्या पॅराशूटवाल्याच्या बायकोकडून कळलं. तू फोनवर म्हणालीस, बाबा, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही? बोट वर ओढाल तेव्हाच मी घरी येईन. त्यानंतर तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो आहे. तुझ्यावर राग नाही. तू विचारलंस ते बरोबरच आहे. मला खरंच काही वाटत नाही.

हंगाम जोरात आहे, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. पॅराशूटवाला माणसं आकाशात चढवतो. ती वर गेली की देवाचा धावा करतात आणि खाली आली की पुन्हा रांगेत. मी सकाळी देवापुढे बसतो, दिवा लावतो, नाव घेतो. काही मागत नाही. मग लाइफ जॅकेटं उन्हात टाकतो. आधी दीपगृह, मग कड्याखालची गुहा, मग उघड्या पाण्यात डॉल्फिन. वाट तीच, बोलणंही तेच. गुहेत शिरताना, डोकी सांभाळा, टक्कल असेल तर जास्तच सांभाळा, म्हणतो. लोक हसतात.

पुढे मी म्हणतो, आता डाव्या हाताला बघा, तुम्हाला डॉल्फिन दाखवतो. इथे तुझी आई मागच्या बाकावरून म्हणायची, यांचं काही खरं धरू नका हं, लग्नाआधी मलाही हे बरंच काय काय दाखवणार होते. अख्खी बोट हसायची. आता माझं वाक्य झालं की मी तेवढा वेळ गप्प राहतो. ठरवून नाही, तोंडच थांबतं. लोकांना वाटतं मी पाणी न्याहाळतो आहे. तेही न्याहाळतात.

दरवर्षी येणाऱ्या गणिताच्या बाई परवा बोटीत होत्या. काकू दिसत नाहीत, म्हणाल्या. सुकाणू धरल्या धरल्या मी म्हणालो, माहेरी गेली आहे. बरं झालं, तेवढीच विश्रांती, असं म्हणून त्या नातवाला डॉल्फिन दाखवायला लागल्या. नंतर आणखी कोणी कोणी विचारलं. त्यांनाही तेच सांगितलं. सोपं जातं.

काल संध्याकाळी घराचं कुलूप काढताना मनात आलं, या खेपेला बरेच दिवस राहिली माहेरी. किल्ली तशीच हातात राहिली. रडू आलं नाही, उलट जरा बरं वाटलं. चिमणे, त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटते. बोटीत सगळे माझं खरं धरतात. तू म्हणतेस तर बोट उद्याच वर ओढतो. पण तू ये. तुझ्यासमोर, ती माहेरी गेली आहे, असं मला म्हणता येणार नाही.

तू येईपर्यंत दार लोटूनच ठेवणारा,
तुझाच
बाबा