सव्वीस हिरवे रकाने

दि. १९ मार्च

प्रति,
मा. गुणवत्ता प्रमुख,
रुग्णवाहिका सेवा, प्रांतिक आरोग्य परिषद,
मुख्य कार्यालय.

विषय : जखमीची तपासणी करताना बुटांचा आधार घेतल्याबद्दल मिळालेल्या ताकिदीचा खुलासा व विनंती.

संदर्भ : आपले ताकीदपत्र, दि. ६ फेब्रुवारी.

महोदय,

खाली सही करणारी मी, ग्रानशो केंद्रात रुग्णवाहिकेवर परिचारिका म्हणून एकवीस वर्षे नोकरीस आहे. खुलासा पुढीलप्रमाणे सादर करते.

१. दि. २३ जानेवारी रोजी हिल्डिंग नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ छपरावरचा बर्फ ओढताना खाली पडले, स्वतःच उठून घरात आले आणि स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवे झाले. तपासणी अर्जाच्या टॅब्लेटवरचे सव्वीसही रकाने हिरवे, म्हणजे धोका नसल्याचे, आले. वेदना दहापैकी किती, या प्रश्नावर ते म्हणाले, "दोन लिही, पोरी. दोनसुद्धा जास्तच झाले." टॅब्लेटने जवळच्या आरोग्य केंद्राचा निर्णय दिला. मी तो डावलून त्यांना एकशे तीस किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयात नेले आणि कारणाच्या रकान्यात लिहिले : 'रुग्णाने आमच्या बुटांबद्दल चकार शब्द काढला नाही.' हे कारण आपल्या कार्यालयाने 'अवैद्यकीय व थट्टेखोर' ठरवले आहे.

२. याबाबत नम्रपणे निवेदन की, परक्याला बूट घालून घरात येऊ देणारा माणूस या देशात अजून जन्माला यायचा आहे. आपल्या घरीही दारातच बूट उतरवून घेत असतील. आम्हाला घाईत ते काढता येत नाहीत, म्हणून आम्ही रोज शिव्या खातो. गेल्या वर्षी मांडीचे हाड मोडून जिन्याखाली पडलेल्या बाई आम्हाला पाहताच ओरडल्या, "आधी बूट काढा! कालच फरशी पुसलीय मी!" या एका वाक्यात श्वासमार्ग मोकळा, छातीत दम पुरेसा, डोके ठिकाणावर आणि कालची आठवण शाबूत, एवढे सगळे कळले. टॅब्लेटला त्यासाठी नऊ रकाने लागतात.

३. हिल्डिंग यांच्या घरी मी आणि चालक तूरे बर्फाची ढेकळे सांडत थेट चुलीपर्यंत गेलो. ते नुसते बघत राहिले. त्यांच्या पत्नी स्वेआ माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाई, हा बुटांवर गप्प बसलाय. चाळीस वर्षांत असं झालं नाही हो." म्हणून मी पुन्हा पाहिले. ते नाडी मंद ठेवणाऱ्या हृदयाच्या गोळ्या घेतात, त्यामुळे आत रक्तस्राव होत असूनही नाडी धावत नव्हती. पोटातली प्लीहा फाटली होती. शस्त्रक्रिया झाली, ते वाचले. सध्या पुन्हा छपरावर चढतात; त्याला माझा इलाज नाही.

४. आपल्या चौकशी अहवालात याची नोंद 'योगायोग' अशी आहे. यापुढे आपल्या कार्यालयाची फोनवर परवानगी घेतल्याशिवाय टॅब्लेटविरुद्ध निर्णय घेऊ नये, असा आदेशही मला मिळाला. बुटांसाठी सत्ताविसावा रकाना जोडावा, ही माझी सूचना रकाना समितीकडे पाठवल्याचे कळले. समिती सप्टेंबरात बसते.

५. दि. ४ मार्च. इंगेगेर्द, वय अडुसष्ट. त्यांच्या मोटारीवर एल्क, म्हणजे घोड्याएवढे रानहरीण, आदळले. घर जवळच होते, तिथवर त्या चालत गेल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. रकाने सव्वीस, सगळे हिरवे. वेदना? "एक. उगाच तुम्हाला त्रास दिला." त्यांच्या धुतलेल्या सतरंजीवर आमच्या बुटांचे काळे पाणी पसरत होते. त्या काही बोलल्या नाहीत. मी आदेशानुसार फोन लावला. अकरा मिनिटे रांगेत थांबल्यावर तिकडून विचारले गेले, "टॅब्लेट काय म्हणतोय?" मी म्हटले, "हिरवं. पण मला हे बरं दिसत नाही." उत्तर आले, "मग हिरवंच धरा ना!" मी हिरवेच धरले. आरोग्य केंद्राच्या प्रतीक्षागृहात दुपारी सव्वातीनला त्या गेल्या. हात माझ्या हातात होता. मला कळले होते आणि तरी मी ऐकले, याची मला लाज वाटते. हे कुठल्या रकान्यात भरावे ते समजले नाही.

६. दि. १५ मार्च रोजी आपले दुसरे पत्र मिळाले. इंगेगेर्द यांचा तपासणी अर्ज या तिमाहीत प्रांतात सर्वांत निर्दोष भरलेला ठरल्याबद्दल त्यात माझे अभिनंदन आहे आणि ते पत्र केंद्राच्या भिंतीवर लावण्याची सूचना आहे.

तरी विनंती की, हिल्डिंग प्रकरणातली ताकीद कायम ठेवावी. ती मला मान्य आहे. अभिनंदनाचे पत्र मात्र परत घ्यावे.

तसेच कळवण्यात येते की, यापुढे अशा वेळी मी फोन लावणार नाही, सरळ मोठ्या रुग्णालयाकडे निघेन. ताकिदी आताच तयार करून ठेवाव्यात, म्हणजे कार्यालयाचा वेळ वाचेल.

कळावे,

आपल्या आदेशाबाहेरची,
(सही)
उलरिका फोर्शेल
परिचारिका, ग्रानशो रुग्णवाहिका केंद्र

सोबत : अभिनंदनपत्र, मूळ प्रत, एक.