पत्ता न सांगता मारलेली हाक

१४ ऑक्टोबर

आजही नाही बोलला. पुढ्यात ताट ठेवलं तर नुसता बघत बसला. शनिवारी संध्याकाळी टॅक्सी दारात लावली, किल्ली खिळ्याला अडकवली, खुर्चीत बसला — तेव्हापासून चोकेन असाच. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस गप्प बसल्याचं मला आठवत नाही. झोपेतसुद्धा बडबडायचा! गिऱ्हाइकांना किल्ल्यांच्या गोष्टी सांगून सांगून तोंडाला खीळ म्हणून नव्हती.

शनिवारी तोक्योचं जोडपं होतं गाडीत. सगळे किल्ले, सगळी देवस्थानं एकाच दिवसात दाखवा म्हणे. दाखवली त्याने. पुढे काय झालं देव जाणे.

१६ ऑक्टोबर

इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूत काही दिसत नाही." म्हटलं, ते मला लग्नापासून माहीत आहे. डॉक्टर हसले नाहीत. चोकेन हसला असता.

येताना टॅक्सी मी चालवली. तो मागे बसला, गिऱ्हाइकासारखा. मुद्दाम कचकन ब्रेक मारला. एरवी आभाळ डोक्यावर घेतलं असतं. काही नाही. आरशात त्याचे डोळे दिसत होते, पण ते कुठेच बघत नव्हते.

मला भीती वाटते. लिहून टाकलं. आता झोपते.

१८ ऑक्टोबर

कामे मावशी आल्या होत्या. चोकेनच्या सख्ख्या मावशी, नव्वदीला टेकल्या आहेत, कंबर वाकलीय, जीभ नाही. चोकेनच्या तोंडाजवळ तोंड नेलं, हुंगल्यासारखं केलं आणि मला म्हणाल्या, "घर उघडं आहे गं. आत कोणी नाही. याचा माबुई पडलाय कुठेतरी."

मला वाटलंच होतं! लहानपणी मी झाडावरून पडले तेव्हा आईने त्याच झाडाखालून माझा माबुई उचलून आणला होता. माणूस दचकला की जीव निसटतो, तिथेच बसून राहतो. पण चोकेनचा पडला कुठे? एका दिवसात एवढे किल्ले, एवढ्या देवराया!

"मग जा सगळीकडे," मावशी म्हणाल्या. "त्या दिवशीचा शर्ट ने. जिथे पडला असेल तिथे हाक मार, तीन खडे उचल, शर्टात बांध. शर्ट जड झाला की समज आला. मागे वळून न बघता घरी ये आणि घाल याच्या अंगात. खडे मात्र नंतर परत द्यायचे, ते देवाचे. आणि हाक मारताना तारू म्हण. चोकेन हे शाळेतलं नाव, त्याला माबुई ओ देत नाही."

तारू हे त्याच्या आजोबांचं नाव. थोरल्या नातवाला आजोबांचंच नाव, घरोघरी तसंच.

"आणि नाव, जन्माचं वर्ष कुठल्या प्राण्याचं, पत्ता, सगळं नीट सांग."

म्हटलं, देव काय पोस्टमन आहे का?

"पोस्टमनच! पत्ता नसला तर भलत्याच दारात टाकून जाईल."

जाताना म्हणाल्या, डॉक्टरच्या गोळ्याही चालू ठेव. अर्धं डॉक्टरचं, अर्धं देवाचं.

२० ऑक्टोबर

दुकानातून सुट्टी घेतली. मालकीणबाईंना खरं कारण सांगितलं, तर त्यांनी तळलेल्या माशांची पिशवी हातात दिली — "वाटेत खा, कात्सुरेन किल्ल्याचा चढ मोठा आहे."

मोठाच आहे. वर पोचेपर्यंत माझाच माबुई पडायची वेळ! वरून दोन्ही बाजूंना समुद्र. वारा असा की शर्ट हातातून सुटत होता. तांदूळ ठेवले, आवामोरी दारूचे दोन थेंब शिंपडले, नाव-गाव-पत्ता सांगितला. गिनोवान, लष्करी विमानतळाच्या कुंपणामागची गल्ली, नाकान्दाकारींचं घर, माकडाच्या वर्षी जन्मलेला तारू — चल रे घरी. मागे एक मुलगी उभी. "काकू, आमचा एक फोटो काढता?" काढला. काय करणार!

दुपारी नाकागुसुकुचा किल्ला. तिथे तर कुणीच नव्हतं. एवढ्या मोठ्या भिंती, आणि मी एकटी नवऱ्याच्या शर्टाशी बोलतेय. शर्ट हलकाच.

२३ ऑक्टोबर

सेफाची देवराई. आमचं सगळ्यात मोठं ठिकाण. आता तिकीट लागतं. पहारेकरी म्हणाला, उदबत्ती पेटवायची नाही. न पेटवता ठेवली. त्या दोन टेकलेल्या शिळांखालून कितीदा गेलेय मी! लग्नानंतर मूल मागायला दरवर्षी जायचे. दिलं नाही. मग जाणं सोडलं.

आज म्हटलं, ते नाही दिलंस, ठीक आहे. पण जे दिलं होतंस ते तरी परत घेऊ नकोस.

शर्ट हलकाच.

२५ ऑक्टोबर

चहा दिला, प्यायला नाही. कप तसाच धुतला.

२८ ऑक्टोबर

आला! आला!! अक्षर बघा कसं आलंय.

तामागुसुकुच्या किल्ल्यावर गेले होते. शेवटचं ठिकाण. पायऱ्या चढून वरच्या त्या गोल दगडी दारातून आत गेले, मांडामांड केली, हाक मारली, काही नाही. तिथेच बसून रडले. मग खाली उतरताना झाडीत एक लहानशी गुहा दिसली. आमच्या बेटाच्या दक्षिणेकडे पावलोपावली गुहा आहेत आणि महायुद्धातल्या लढाईत सगळ्यांत माणसं लपली होती, तिथेच मेली, म्हणून एरवी आपण अशा ठिकाणी थांबत नाही, मान खाली घालून निघून जातो. आज का थांबले माहीत नाही. आतून गार हवा आली आणि शर्टाची बाही हलली.

म्हटलं, इथेच! तांदूळ काढते तोच डोक्यावरून तळावरचं हेलिकॉप्टर गेलं, अगदी झाडांना घासून. मी इतकी घाबरले की तांदूळ सांडले, ओठांवरचं सगळं विसरले. तोंडातून एवढंच निघालं — "तारू! चल, घरी चल!"

आणि शर्ट जड झाला. खरंच! ओल्या टॉवेलसारखा. तीन खडे उचलले आणि मागे न बघता जी पळाले!

अंगात शर्ट घातला. चोकेनने डोळे मिटले, उघडले आणि माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे! मग वाडगाभर डुकराच्या मांसाचं सूप प्यायला. वाडगा चाटला सुद्धा.

मावशींना फोन केला. दोघी रडलो.

३० ऑक्टोबर

खातोय. भातापेक्षा रताळी हवीत. जांभळी, उकडलेली, सालासकट. प्रत्येक रताळं अर्धं खातो, अर्धं खिशात ठेवतो. म्हटलं, कुणासाठी रे? हसला नुसता. किती दिवसांनी हसला! खिसे मेणचट झाले, होऊ देत.

बोलत नाही फारसं. गळा बसला असेल.

१ नोव्हेंबर

मला नीट लिहायला हवं.

सकाळी तळावरून लढाऊ विमानं उडाली, रोजच्यासारखी. चोकेन या आवाजात जन्माला आला. विमान जाईपर्यंत वाक्य थांबवतो आणि पुढचा शब्द तिथूनच उचलतो, असा माणूस! आज तो टेबलाखाली गेला. गुडघे पोटाशी, दोन्ही हात कानांवर. सत्तावन्न वर्षांचं धिप्पाड शरीर, आणि बसणं मात्र लहान पोराचं.

मी वाकून म्हटलं, चल बाहेर, गेलं विमान. तर माझी बाही धरली, कुजबुजला — "गप्प बसलो होतो. तू सांगितलं होतंस तसा. आवाज नाही केला. पाणी मिळालं का, अन्मा?"

अन्मा. म्हणजे आई. आमच्या आज्या त्यांच्या आयांना म्हणायच्या. चोकेनने आपल्या आईला जन्मभर काचान म्हटलं.

मी पाणी आणून दिलं. अर्धं प्यायला, अर्धं मला दिलं.

३ नोव्हेंबर

मावशींनी आल्या आल्या ओळखलं. बराच वेळ त्याचा हात हातात धरून बसल्या. मग मला स्वयंपाकघरात नेलं.

"पत्ता सांगितला होतास ना?"

मी ओटा पुसायला लागले.

"जन्माचं वर्ष?"

मी हेलिकॉप्टरचं सांगितलं, तोंडातून काय निघालं तेही सांगितलं.

"नुसतं तारू म्हणालीस? लढाईतल्या गुहेच्या तोंडाशी उभी राहून नुसतं तारू? अगं, या बेटावर डोळे मिटून दगड मारलास तर तारूलाच लागेल! ज्याला कुणी हाक मारायला आलं नाही असं पोर ते. तू नाव घेतलंस, ते आलं. त्याचा काय दोष?"

म्हटलं, मग आमचा कुठे आहे?

"अजून तिथेच बसलाय. जागा एक आहे, दोघं कसे मावतील? याला परत सोड, त्याला घेऊन ये. लवकर कर. शरीराला सवय लागली की संपलं."

मी विचारलं, मावशी, या पोराला त्याच्या घरी नाही का नेता येणार? मेलेल्यालाही घरी आणून देव्हाऱ्यात बसवतात ना?

"आणतात. पण ज्याचा त्याने आणायचा. याचं घर कुठलं, विचारलंस?"

विचारलं. म्हणाला, गुहेच्या आधी होतं. जळलं.

५ नोव्हेंबर

गेले नाही अजून. आज पाठ दुखते म्हणाले मावशींना. खोटं.

कुणी बघत नाही म्हणून लिहिते. सकाळी उठल्या उठल्या तो मला शोधतो. मी दिसले की सगळं तोंड हसतं. "अन्मा" म्हणतो. त्या देवराईत वर्षानुवर्षं जाऊन जो शब्द मागितला, तो आला, तर असा आला — नवऱ्याच्या तोंडून, नवऱ्याची जागा खाऊन. मी कालपासून ओ द्यायला लागलेय. चूक आहे, कळतं मला. रात्री चोकेनची किल्ली खिळ्यावर दिसली. तो तिकडे दगडावर बसला असेल, थंडीत. आणि मी इकडे रताळी उकडतेय.

उद्या जाते. नाही, परवा.

७ नोव्हेंबर

गेले.

गाडीत तो पुढे बसला, माझ्या शेजारी. वळण आलं की माझी बाही धरायचा. तामागुसुकुच्या पायऱ्या दिसल्या तसा पाय उचलेना. "नको, अन्मा. परत नको. मी गप्प बसेन घरी. टेबलाखाली बसेन."

मी त्याला तिथवर कसं नेलं ते लिहिणार नाही.

खडे होते तिथे ठेवले. शर्ट काढून घेतला. रताळ्यांची पुरचुंडी गुहेत ठेवली, पाण्याची बाटलीही. म्हटलं, बस हं इथे. त्याने विचारलं, "कधी येशील?" त्याच्या आईने काय उत्तर दिलं असेल?

मग सगळं नीट म्हटलं. गिनोवान. कुंपणामागची गल्ली. नाकान्दाकारींचं घर. माकडाचं वर्ष. तारू. आणि रागाने, मोठ्याने — चोकेन! शर्ट जड झाला. या वेळी खूप जड.

एका हातात शर्ट, दुसऱ्या हाताने रिकाम्या चोकेनला धरून निघाले. मागे बघितलं नाही. मागून आवाज मात्र आला.

८ नोव्हेंबर

"भात करपलाय."

शर्ट अंगात घातल्यावरचे हे त्याचे पहिले शब्द! मग, "टॅक्सी कुणी चालवली? सीट एवढी पुढे कुणी ओढली? बुटक्यांनी लायसन्स घेऊच नये!" मी त्याला उलथन्याने मारलं आणि मग गळ्यात पडले. मावशी म्हणाल्या, हाच आमचा गाढव, ओळखला. दुपारी विमानं गेली, तर वाक्य थांबवून थांबला आणि पुढचा शब्द तिथूनच उचलला.

दिवसभर त्याला नुसती बघत होते. संध्याकाळी सवयीने दोन रताळी जास्त उकडली. त्याने बघितली.

९ नोव्हेंबर

सकाळी चहा पिताना म्हणाला, "तोमी, माझा माबुई पडला नव्हता गं. मी गुहेपाशी लघवीला थांबलो होतो. आतून पोराने विचारलं, अन्मा आली का? मी म्हटलं, येईल, तोवर मी बसतो तुझ्याजवळ. म्हणून माबुई तिथेच ठेवून आलो होतो." कप खाली ठेवला. "मग एक दिवस ते तुझ्या मागे पळत गेलं. मला बरं वाटलं, म्हटलं, आली एकदाची. पण परवा तू मला घेऊन आलीस. मग आता तिथे कोण आहे?"

किल्ली त्याने खिळ्यावरून काढलीय. दारात हॉर्न वाजवतोय. चोकेनचा शर्ट पोराला मोठा होईल, वाटेत लहान घेऊ. रताळी बांधली आहेत. आणि पत्ता — पत्ता या वेळी नीट सांगणार. आमचाच.