पंखावरच्या चकचकीत बर्फाबद्दल

कुस्कोक्विम नदीकाठ, अलास्का
२ नोव्हेंबर

ती. गाब्रिएल भाऊजींना ओलिंकाचा नमस्कार.

ज्यांच्या गावाला रस्ता नाही अशा नदीकाठच्या आपल्या सगळ्यांचं एक दुखणं आहे, ते आधी मांडते. बाळंत व्हायचं असो की दात काढायचा, आपल्याला विमानानेच जावं लागतं. म्हणून विमानवाला म्हणेल ती पूर्व. तुमची दोन विमानं असली तरी जन्माने तुम्ही आमच्यातलेच, म्हणून तुम्हालाच लिहिते. गुडघा बरा असेल. ताईचा खोकला थांबला का? (तिला हे पत्र मोठ्याने वाचून दाखवा. गाळू नका.)

मंगळवारी आमच्या मार्फाला शहरात पोचवायचं होतं. आठवा महिना संपलाय. दवाखान्याजवळ जाऊन राहायलाच हवं. नदी धड पाणी नाही, धड बर्फ नाही. होडी अडते, बर्फगाडी बुडते. तुमचं विमान रात्रभर इथे उघड्यावर उभं, पंखांवर दव गोठून पांढरंफेक. ते चालवणारा तुमचा पुतण्या निक फडक्याने पंख घासताना दिसला, तेव्हा पोराच्या कष्टांचं कौतुक वाटलं. जवळ जाऊन बघते तर बर्फ जागच्या जागी, फक्त गुळगुळीत!

"मावशी, आरसा केलाय आरसा! चकचकीत असला की चालतो."

"कोणाला चालतो?"

"काकांना."

भाऊजी, माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अरे, दाढी करायला सांगितली तर तू भांग पाडून आलास!" लोक कादंबऱ्या वाचतात, मी अपघातांचे अहवाल वाचते. पंखावर मिठाच्या कणांएवढा खरखरीतपणा आला तरी वारा पंखाला उचलून धरत नाही. असं विमान धावपट्टीवर झकास धावतं; रड पुढेच असते. आणि दर अहवालात कुणीतरी आधी म्हणालेलं असतं, "थोडासाच आहे." हा थोडासा किती ते दाखवायला मी हातमोजा काढून घामेजला तळवा पंखावर ठेवला.

तो चिकटला.

मग मी पाव तास बोलले. (गाव म्हणतं, इतकं चांगलं मी कधीच बोलले नव्हते. हात चिकटलेला, जाणार कुठे?) दात काढायला निघालेला म्हातारा वास्का ओरडला, "ओलिंका, सभा आवर! दात इथेच पडेल माझा." शेवटी मार्फाने पोट सांभाळत थर्मासमधला चहा माझ्या हातावर ओतला. हात सुटला, चहा पंखावर गोठला. निक तिथे बोट फिरवून गंभीरपणे म्हणाला, "आता नाही उडता येणार, मावशी. खडबडीत झालं." म्हणजे दोन जिवांच्या बाईसाठी जे थांबलं नाही, ते चहासाठी थांबलं!

दुपारी उन्हाने पंख कोरडे झाले, पण तोवर धसका घेतलेलं कुणी विमानात बसेना; निक रिकामं विमान घेऊन गेला. मार्फा घरीच आहे.

आपली,
ओलिंका

ता. क. पंचायतीत मी सांगितलंय की हात मी तत्त्वासाठी मुद्दामच पंखावर धरून ठेवला होता. निकला तेवढं गप्प बसवा. पोरगा वाईट नाही. तुमचं ऐकतो, एवढाच दोष.

पुन्हा ता. क. शुक्रवारी मार्फाला जावंच लागेल; काल रात्री तिला दोनदा कळ आली. विमान गुरुवारी संध्याकाळीच इथे येऊन थांबणार. ताई आज फोनवर म्हणाली, पंखांवर घालायच्या कापडी खोळी तुमच्याकडे आहेत, पण त्या तुम्ही अंगणातल्या मूस हरणाच्या मांसावर घातल्यात. भाऊजी, मांसाला उडायचं नाहीये. आत्ता उठा, खोळी काढा आणि गुरुवारच्या विमानात ठेवा.