अर्नेस्टीनमावशीची अंजिराची बरणी

डेट्रॉइट, रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय आई,

आम्ही सगळे खुशाल आहोत. थंडी कडाक्याची आहे, पण हीटर चालतोय. तुझा गुडघा कसा आहे?

अर्नेस्टीनमावशीला तू दारातून परत पाठवलंस म्हणे! दर निवडणुकीला ती तुझा टपाली मतदानाचा अर्ज भरायला येते आणि तू तिला अंजिराच्या मुरंब्याची बरणी देतेस. लहानपणी ती गरम बरणी फडक्यात धरून तिच्या गाडीपर्यंत मीच न्यायचे. "आपल्या दारातून कुणी रिकाम्या हातानं जात नाही," असं तू मागून ओरडायचीस.

पण आता तुमच्या अलाबामात तसं न देण्याचा कायदाच झालाय. अर्जाच्या मदतीबद्दल काही दिलं-घेतलं तर तुरुंग. मुरंबासुद्धा चालत नाही. मावशीनं या वेळी बरणी नाकारली ती तोऱ्यानं नाही गं, ती घाबरली आहे. आणि तू म्हणालीस, "बरणी नको तर अर्जही नको!" आपल्या काळ्या लोकांची नावं मतदारयादीत घ्यायला टाळायचे त्या काळी बाबा ज्या मतासाठी कोर्टाबाहेर दिवसभर उन्हात उभे राहिले, ते असं रुसून घालवशील?

तिला परत बोलाव. रिकाम्या हातानं जाऊ दे.

बरणी मला पाठव. मी तुझ्या कसल्याच कामाला येत नाही, त्यामुळे मला दिलेली चालते.

तुझीच,
व्हर्लीन