अर्धवट शिवलेला जोडा

थोरले भावजी,

नमस्कार लिहीत नाही. तो तुम्ही मनातही धरू नका.

फिरंग्याला आपली चिनी भाषा शिकवली तर बादशहाच्या हुकमाने मान उडते, हे अख्ख्या कँटनला ठाऊक आहे. तरी ह्यांनी शिकवली. फिरंग्यांच्या वखारीत शिकवायला जाताना बगलेत अर्धवट शिवलेला जोडा असायचा, कुणी हटकलंच तर "मी मोची, गोऱ्याचं माप घ्यायला आलोय" म्हणायला. तो जोडा तुमच्याच दुकानातला. "धाकट्या, निदान एक टाका घालायला तरी शिक रे," म्हणून हसला होतात.

काल वखारीच्या दारात शिपायांनी ह्यांना धरलं. ह्यांनी जोडा दाखवला, तर अधिकारी म्हणाला, "मोची ना तू? मग घाल एक टाका." ह्यांनी आरी स्वतःच्याच बोटात खुपसून घेतली.

ही अक्कल त्या अधिकाऱ्याची नाही. जोड्याचं सोंग आपल्या दोघांनाच माहीत होतं, आणि मी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

"त्याच्यापायी सगळेच मेलो असतो, मी घर वाचवलं," असं सासूबाईंना सांगत होतात म्हणे. वाचवलंत ना? मग बसा आता त्यात एकटेच!

मला लिहायला ह्यांनीच शिकवलं. जा, तेही कचेरीत सांगून या.

हे पत्र मी पाठवणार नाही. दया आली म्हणून नव्हे. तुम्हाला एक अक्षर वाचता येत नाही, आणि तुमचं प्रत्येक पत्र वाचून दाखवणारा माणूस तुम्हीच तुरुंगात घातलात.

तुमची कुणीही नसलेली,
सुक-यिंग