कुंकू न लागलेली पेटी

अण्णा, आज पोरगी नांदेडला गेली. इंजिनिअरिंगला. हे तुम्हाला सांगावं असं सकाळपासून वाटत होतं, आणि सांगायला दुसरी जागा नाही म्हणून वर्कशॉपातल्या टेबलाशी बसून लिहितो आहे. बाजूला कुणाची तरी मोटरसायकल अर्धी खोलून पडली आहे. ती बघून तुम्ही आयुष्यभर विचारलं तेच विचारलं असतं, "चालून राहिलेली गाडी काहून खोलतो रे?" याचं उत्तर मला कधीच नीट देता आलं नाही. गाडी चालते, पण याहून चांगली पळू शकते, हे मला तिच्या आवाजात ऐकू यायचं, आणि एकदा ऐकू आलं की स्वस्थ बसवत नसे. तुम्हाला ते कसं पटावं? तुमच्या लेखी गाडी म्हणजे सेनगावहून हिंगोलीला नेणारी जीप. बसायला जागा मिळाली आणि वेळेत पोचलं, की संपला विषय.

गंमत अशी की मला गॅरेज दाखवलं ते तुम्हीच. देवळातली पूजा आणि शाळेतली कारकुनी सांभाळून खंडेनवमीला तुम्ही अख्खं सेनगाव फिरायचात. त्या दिवशी सगळ्यांनी आपापली अवजारं धुऊनपुसून मांडलेली असायची. शिंप्याचं मशीन, न्हाव्याचा वस्तरा, सुताराची करवत, सगळ्यांना तुमच्या हातचं कुंकू लागायचं, आणि झेंडूची टोपली धरून मी मागे मागे. शेवटचं घर उस्तादांच्या गॅरेजचं. उस्ताद जीपची इंजिनं अशी बांधायचे की माणसं टपापर्यंत भरली तरी चढाला गाडीचा श्वास फुलत नसे. मी तिथं टोपली खाली ठेवली ती कायमचीच म्हणा ना.

बारावीला गणितानं हात दिला आणि नांदेडच्या कॉलेजात माझा नंबर लागला. तुम्ही हिंगोलीहून नकाशे काढायचा ड्राफ्टर घेऊन आलात. त्याची लांबलचक पिशवी खांद्याला अडकवून तुम्ही जीपमध्ये बसलात आणि सेनगाव येईपर्यंत ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगितलंत, पोरगं इंजिनिअर होऊन राहिलं. तसेच गॅरेजवर आलात. मी जीपखाली होतो. बाहेर येऊन मी म्हणालो, मी जाणार नाही, गाड्या पळत्या करायचं काम इथंच शिकतो. तुम्ही ओरडाल असं वाटलं होतं. तुम्ही माझ्या नखांकडं बघत राहिलात आणि एवढंच म्हणालात, "लेकरा, हातात कागद असला की माणूस उभं राहतं. उद्या हात थकले तर काय करशील?" मग ती पिशवी भिंतीला टेकवून घरी निघून गेलात.

त्या साली खंडेनवमीला मी माझी पान्यांची पेटी घासूनपुसून इतरांच्या रांगेत मांडली होती. तुम्ही एकेका पेटीला कुंकू लावत आलात. माझ्या पेटीपाशी तुमचा हात थांबला आणि पुढच्या पेटीवर गेला. उस्तादांना वाटलं नजरचूक झाली. "महाराज, पोराची पेटी राह्यली ना."

"राह्यली न्हाई. दिसली मला," तुम्ही म्हणालात आणि नारळ मागितलात.

मला इतका राग आला होता, अण्णा, की वर्षभर मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो. पुढं मी इकडं बाळापूरला रस्त्याला लागून स्वतःचं वर्कशॉप टाकलं. शर्यतीच्या मोटरसायकली, डोंगरात पळवायच्या जीपा लांबलांबून येऊ लागल्या. आणि दर खंडेनवमीला, गुडघे धरलेले असताना, बस बदलत तुम्ही येत राहिलात. लेथला कुंकू, दारातल्या गाड्यांना कुंकू, झाडूलासुद्धा कुंकू. माझी पेटी सोडून. मग तुमच्या सुनेच्या हातचं जेवून, नातीला मांडीवर घेऊन, परतीच्या बसला उभे. तुम्ही हे जग सोडून गेल्यावर पूजा मीच करू लागलो, तेव्हाही माझ्या पेटीला कधी कुंकू लावलं नाही. रागावलेला माणूस एवढा त्रास काढून येतो का, हे मात्र तुम्ही होतात तोवर मी स्वतःला विचारलं नाही.

नात याच तेलाच्या वासात वाढली. इंजिनचं हेड घासून गुळगुळीत करायला बसली की जेवायचं विसरते. आताच्या गाड्यांना लॅपटॉप जोडून काय काय बदलायचं असतं तेही तीच बघते. यंदा तिला नांदेडला जागा मिळाली. आणि ती म्हणाली, मी जात नाही, मी इथंच तुमच्यासोबत काम करते. मी समजावत बसलो. डिग्री घे, कागद असू दे, हे वर्कशॉप कुठं पळून जातंय? ती म्हणाली, "काहून पण? तुमी गेल्ते का?"

खरं कारण मला तिच्यापाशी काढता येत नव्हतं. सायलेन्सरच्या आवाजात माझा डावा कान गेला आहे आणि उजवाही निघाला आहे. ज्या कानाच्या भरवशावर मी तुमचं ऐकलं नाही, तोच राहिला नाही. त्यात आता विजेवरच्या गाड्या आल्यात, त्यांना आवाजच नाही. हात थकले तर काय करशील, असं तुम्ही विचारलं होतं. हात अजून धड आहेत.

या खंडेनवमीला तिनं स्वतःची नवी पेटी आणून माझ्या पेटीशेजारी मांडली. मी कुंकू लावत आलो. शपथेवर सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं. तिच्या पेटीपाशी हात थांबला आणि पुढं गेला. कुंकू लावलं तर ही इथलीच झाली आणि त्याला मी होकार दिला, एवढंच मनात आलं होतं. राग नव्हताच, अण्णा. निव्वळ भीती होती. तुमच्याही मनात हेच होतं का? तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी तरी कुठं सांगितलं.

"बाबा, माही राहिली."

"दिसली मला," मी म्हणालो. आवाज तुमचाच निघाला.

मग तिनं करंड्यात बोट बुडवून स्वतःच्या पेटीला कुंकू लावलं, आणि माझ्याही. "तुमच्या पेटीला कधीच नसतं. झालं आता दोन्हीला." हात पुसत म्हणाली, "जाते मी नांदेडला. तुमी म्हणता म्हणून."

आज बसस्टँडवर तिच्या खांद्याला तुमचा ड्राफ्टर होता, तीच पिशवी, शिवून घेतलेली. तुम्हाला हवं होतं ते शेवटी झालं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी तुमच्याशी भांडलो होतो आणि ती माझ्याशी भांडली नाही, हेच राहून राहून खुपतं आहे. खिडकीतून ती काहीतरी म्हणाली. माझा डावा कान तिच्या बाजूला होता. मी नुसती मान हलवली.

बस गेल्यावर वर्कशॉपात आलो. तिच्या पेटीवरचं कुंकू तसंच ठेवलं. माझ्या पेटीवरचं मात्र डिझेलच्या फडक्यानं पुसून काढलं. ती जागा मी तुमच्यासाठी ठेवली होती. तुम्ही येणार नाही हे मला कळतं, अण्णा. तरी पुसलं.