थोरल्या बहिणीस

ताकेहारा स्टेशन,
नोव्हेंबर, शोवा ३१ (१९५६)

ताई,

आधी ती पेटी खाली ठेव. आणि मान वळवून मला शोधत बसू नकोस. थंडी पडली, तब्येत कशी, असलं आधी लिहायचं असतं. तब्येत दिसतेय मला. चहाच्या दुकानाच्या काचेतून.

तुझं पत्र पोचलं होतं. नाटक मंडळी मोडली, नायिकेची कामं मिळत नाहीत, 'आता म्हातारपणी लेकीकडेच येते.' लेक! हा शब्द तुझ्या हातून पहिल्यांदाच उतरला. नायिकेला पोर आहे म्हटल्यावर चाहते कशाला येतील? म्हणून मी कायम तुझी धाकटी बहीण. फक्त त्या अनाथ पोरीच्या नाटकात मी "आई!" म्हणत धावायचे, तू मिठी मारायचीस, लोक रडायचे. पडदा पडला की ताई.

हिमेजीच्या दौऱ्यात मला ताप होता. रंगपटात, त्या कापडवाल्या शेठसमोर, तोंडातून 'आई' निघून गेलं. किती हसलीस! "बघा हो, पोर अजून भूमिकेतून बाहेर आली नाही!" शेठनी मला साखरेचे रंगीत खडे दिले. मी ते दातांनी फोडत बसले आणि तू त्याला साके ओतत होतीस.

सासरी मी सांगितलंय, आई वारली. तरी ठरवलं होतं, बहीण म्हणून तुला नेईन. सासूबाई म्हणाल्या, "नाटकवाली? येऊ दे. पण रात्रीची न गाता झोपते ना?" खोलीसुद्धा झाडली होती गं.

मग तू गाडीतून उतरलीस. रंग धुतलेला तुझा चेहरा लहानपणी रोज बघायचे, पण तेव्हा माझा चेहरा असा झाला नव्हता.

चहावाल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, तुमच्या आई का त्या? तेच नाक, तेच ओठ!"

मी खळखळून हसले. अगदी तुझ्यासारखी. "कुणालाही कुणाची आई काय करताय! एक निरोप द्यायचाय त्यांना, बस."

सासूबाईंची नजर अजून चांगली आहे, ताई. हा चेहरा घेऊन तुला त्या घरात बहीण होता येणार नाही. आणि दुसरं काही होऊ देणार नाही मी.

परतीची गाडी याच फलाटावर लागते. या चिठ्ठीबरोबर चहा सांगितलाय, गरम आहे तोवर घे.

मला मुलगी आहे. काल पहिल्यांदा "आई" म्हणाली. मी लगेच ओ दिली.

मागच्या दाराने निघते.

तुझीच धाकटी बहीण,
तामाए